ओव्हरराइट

प्रांजल गांगुर्डे, नववी ब, शेवटून दुसरा बाक.
माझ्या तासाला तिचं बोट
बाकाच्या कडेवर चालायचं,
वर, खाली, दोनदा टिचकी.
मला वाटायचं, गणित सोडवतेय.
डोक्यात चालू असायची
अलेक्झांड्रियाची नाकेबंदी.

नाईलचा पूर तिला महिन्यानिशी माहीत.
कार्थेजहून निघताना हत्ती किती घ्यावेत,
विचारून बघा.
सातवाहन म्हटलं की मात्र
'टिपा लिहा, गुण चार',
आणि चेहरा पुस्तकातल्या परिच्छेदासारखा.

एका रात्री मी तो गेम उतरवून घेतला.
(मुलगा हसला : आई, तू?)
नदीकाठी गाव वसवलं, आधी देऊळ,
मग तटबंदी.
चौदाव्या वर्षी सगळे उपाशी मेले.
सकाळी व्हरांड्यात तिला गाठून सांगितलं.
"मॅडम, कोठार आधी बांधायचं असतं,"
पहिलीच्या पोराला पाटी कशी धरायची सांगावं
तशा आवाजात.
वीस वर्षं मी राजे शिकवले.
कोठार एकदाही फळ्यावर आलं नव्हतं.

डिसेंबरात सहल. लांब कुठं नाही,
पाथर्डी फाट्याजवळची पांडवलेणी.
खाली हायवेचे ट्रक, पलीकडे अंबडची शेडं,
त्यातल्याच एकीत तिच्या वडिलांचं लेथ मशीन.
पोरं सेल्फीत, माकडं डब्यांत.
ती दहाव्या लेण्यात, एका खोलीच्या दाराशी,
वर कोरलेल्या ब्राह्मीकडे बघत राहिली,
कुठं दाबलं की उघडेल, अशी.
टाचा उंचावून हात लावला.
रखवालदाराची शिट्टी.

मला आठवत होतं तेवढं सांगितलं :
नहपानाचा जावई उषवदात.
तीन हजार कार्षापणं दिली भिक्षूंसाठी,
पण भिक्षूंच्या हातात नाही,
गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली.
दोन हजार शेकडा एक दराने, दरमहा.
एक हजार पाऊण टक्क्याने.
मुद्दल परत मागायचं नाही, कधीच.
चिवरं व्याजातून.

"म्हणजे राजा हरला तरी कोठार चालू."
मग थोडं थांबून,
"गोवर्धन म्हणजे आपलं? गंगापूर रोडचं?
सिटी बस जाते ते?"
"तेच असावं," मी म्हणाले,
आणि दोन हजार वर्षं
तिच्या चेहऱ्यावर एकाच स्टॉपला उतरली.

उतरताना पायऱ्यांवर मी जोगलटेंभीचं सांगितलं.
हंडाभर चांदी निघाली होती जमिनीतून.
नहपानाची नाणी,
त्यांच्यावरच गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला.
"ओव्हरराइट," ती म्हणाली. सहज.
"हो, पण खालचं पुसलं गेलं नाही पूर्ण.
काहींवर नहपानाचं नाक दिसतं अजून,
काहींवर त्याचा कान."
पुढच्या सात-आठ पायऱ्या ती गप्प.
"गेममध्ये नाही दिसत," म्हणाली,
"एकदा सेव्ह केलं की जुनं गेलं."

एप्रिलात पेपर तपासायला बसले.
टिपा लिहा : सातवाहन.
'गौतमीपुत्राने नहपानाचे राज्य ओव्हरराईट केले
पण निट नाही.'
लाल पेन वर धरून बराच वेळ बसले.
पुढे तिने व्याजाचा हिशेब मांडला होता,
कोणी न विचारता, वर्षाचा, पायरीपायरीने.
तो बरोबर होता.
खाली पेन्सिलीने, पुसट :
'मॅडम त्या विणकरांची नावं कुठे कोरलीत का?'

साडेतीन दिले. अर्धा शुद्धलेखनाचा कापला.
गठ्ठा बांधला, पुन्हा सोडला,
तो प्रश्न पुन्हा वाचला.

गोवर्धनची बस पावणेसहाला असते.